पैठणीच्या मागावर पैसे लावायचे, तर किती आणि कसे?

महाराष्ट्रात पैठणीचे कौतुक कधी कमी पडले नाही. लग्नाच्या बस्त्यात पहिला विषय तिचाच निघतो आणि घरातल्या जुन्या पैठणीवर लेकी-सुनांचा हक्क आधीच ठरलेला असतो. पण गिऱ्हाइकाचा पैसा मागापर्यंत पोहोचतो तो अगदी शेवटी, साडी विकली गेल्यावर. त्याआधी रेशीम आणावे लागते, जर आणावी लागते, ताणा (उभे धागे) लावावा लागतो आणि मग कित्येक दिवस, कधी कित्येक महिने, विणत बसावे लागते. त्या काळात घर कशावर चालवायचे? अनेक विणकर व्यापाऱ्याकडून उचल घेतात. रेशीम आणि जर व्यापाऱ्याची, हात विणकराचे आणि तयार साडी पुन्हा व्यापाऱ्याकडे. उचल फिटेपर्यंत विणकराला भाव मागता येत नाही.

म्हणूनच पारंपरिक कलेत गुंतवणूक करायची, तर वस्तू तयार होण्याआधी कारागिराच्या हाती पैसा द्यायला हवा आणि तो त्याला बांधून न ठेवणाऱ्या अटींवर द्यायला हवा. असा पैसा उद्योगपतीच घालू शकतो असे नाही. लेकीच्या लग्नासाठी एक पैठणी घेणारे कुटुंब, निवृत्तीनंतर लाख-दीड लाख रुपये चांगल्या कामाला लावू पाहणारी व्यक्ती आणि स्वतःचा उद्योग उभारू पाहणारी तरुण मंडळी, या तिघांनाही ते जमण्यासारखे आहे. त्यांच्यासाठीच हा हिशोब.

उदाहरण येवल्याचे घेतले आहे. पैठणीचे नाव गोदावरीकाठच्या पैठणचे असले, तरी नाशिक जिल्ह्यातले येवले हे आज तिच्या विणकामाचे मोठे केंद्र आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढच्या हिशोबात धरलेले दर गणित समजावे म्हणून घेतले आहेत. रेशीम, जर आणि मजुरी यांचे भाव हलते असतात. खरेदीच्या दिवशीचे दर विचारा, या आकड्यांच्या जागी घाला आणि बेरीज पुन्हा करा.

आधी दिवस मोजा, मग भाव करा

पैठणीची किंमत समजून घ्यायला एक प्रश्न पुरतो: "दादा, ही मागावर किती दिवस होती?" रंग, नक्षी, पदराची लांबी या सगळ्या गोष्टी शेवटी दिवसांतच मोजल्या जातात.

याचे कारण विणण्याच्या पद्धतीत आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली असते. नक्षीत जिथे रंग बदलतो, तिथे एक धागा थांबतो आणि शेजारचा त्याच्यात गुंतून पुढे जातो. मोराच्या एका पिसाऱ्यासाठी अनेक तिल्ल्या एकामागून एक हातानेच फिरवाव्या लागतात. दिवसभर बसून भरगच्च पदराचे काही बोटेच काम पुढे सरकते. असावलीची वेल, मुनिया म्हणजे पोपट, बांगडी मोर, कमळ यांनी पदर जितका भरेल तितके दिवस वाढतात.

साध्या सहावारीचा नमुना हिशोब असा. अरुंद काठ, बेताचा पदर, अंगभर छोट्या बुट्ट्या आणि मागावर १० दिवस:

- रेशीम ५०० ग्रॅम, किलोला ६,००० रुपये धरून: ३,००० रुपये
- साधी जर २०० ग्रॅम, किलोला ३,००० रुपये धरून: ६०० रुपये
- रंगाई, ताणा लावणे, सांधणी यांचा वाटा: ८०० रुपये
- विणकराची मजुरी, रोज ७०० रुपये: ७,००० रुपये
- कांड्या भरणाऱ्या मदतनिसाची मजुरी, रोज २०० रुपये: २,००० रुपये
- मागाची दुरुस्ती, वीज आणि किरकोळ: ४०० रुपये
- एकूण: १३,८०० रुपये

यावर विक्रेत्याने २० टक्के धरले तर १६,५६० रुपये होतात. त्यावर ५ टक्के जीएसटी ८२८ रुपये, म्हणजे १७,३८८ रुपये. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या आणि राज्यातच माल विकणाऱ्या विणकराला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. त्यामुळे थेट त्याच्याकडून घेतलेल्या साडीवर हा कर बहुधा लागणार नाही.

आता भरगच्च पदर, अंगभर असावली आणि मागावर ६० दिवस असलेली पैठणी घेऊ. हे काम कसबी हाताचे, म्हणून रोजही जास्त:

- रेशीम ६०० ग्रॅम: ३,६०० रुपये
- जर ४०० ग्रॅम: १,२०० रुपये
- रंगाई, ताणा, सांधणी: १,२०० रुपये
- विणकर, रोज ८०० रुपये: ४८,००० रुपये
- मदतनीस, रोज ३०० रुपये: १८,००० रुपये
- माग, वीज, किरकोळ: २,००० रुपये
- एकूण: ७४,००० रुपये

पहिल्या साडीत १३,८०० पैकी ९,००० रुपये मजुरीचे आहेत. दुसरीत ७४,००० पैकी ६६,००० रुपये मजुरीचे. साडी जितकी भारी, तितका तिच्यात माणसाच्या श्रमाचा वाटा मोठा. दुकानात भाव पाडून घेताना आपण नेमके कशातून पैसे कापतो, ते या दोन आकड्यांवरून कळते. रेशमाचा भाव बाजार ठरवतो, जरीचा भावही बाजार ठरवतो. कापता येते ती फक्त मजुरी.

आणखी एक निष्कर्ष निघतो. कोणी पाच-सहा हजारांत "हातमागाची अस्सल पैठणी" देत असेल, तर कच्चा माल आणि तयारी यांवरच चार-साडेचार हजार गेल्यानंतर विणकराला काय मिळाले असेल, याचा विचार करा. एक तर ती साडी यंत्रमागाची आहे, किंवा कोणाचे तरी दिवस फुकट गेले आहेत.

पहिला मार्ग: गिऱ्हाईक म्हणून (१५ हजारांपासून पुढे)

सर्वांत सोपी गुंतवणूक म्हणजे दुकानातली तयार साडी उचलण्याऐवजी मागावर मागणी नोंदवणे आणि बयाणा देणे. त्या बयाण्यातून रेशीम येते, विणकराला उचल घ्यावी लागत नाही आणि साडी विकली जाईल की नाही ही धास्ती उरत नाही.

मागणी देताना पैसे वाचवण्याचा एक प्रामाणिक उपाय आहे. मागावर ताणा एका साडीपुरता लावत नाहीत. एका ताण्यावर अनेक साड्या निघतात. म्हणजे ताण्याचा रंग आधीच ठरलेला असतो. तुम्ही फक्त स्वतःसाठी वेगळ्या रंगाचा ताणा लावायला सांगितला, तर त्याचा सगळा खर्च तुमच्या एका साडीवर बसतो. त्यापेक्षा "सध्या ताणा कोणत्या रंगाचा आहे?" असे विचारा. त्याच ताण्यावर बाणा (आडवा धागा) वेगळ्या रंगाचा घेतला की धूपछाव उमटते आणि साडी तुमच्या पसंतीची होते. दोन-तीन नातेवाइकांनी मिळून एका ताण्याच्या साड्या घेतल्या, तर वेगळ्या रंगाचाही खर्च वाटला जातो.

पुढच्या गोष्टी कागदावर घ्या. साध्या वहीच्या पानावर दोघांच्या सह्या झाल्या तरी चालेल:

- सहावारी की नऊवारी, काठाची रुंदी, पदराची लांबी आणि नक्षी
- ताणा आणि बाणा यांचे रंग, धाग्याचा तुकडा चिकटवून
- जर कोणती: साधी की चांदीची, आणि अंदाजे वजन
- मागावर लागणारे दिवस आणि साडी देण्याची तारीख
- एकूण रक्कम आणि हप्ते

हप्त्यांची सोयीची विभागणी अशी: ४० टक्के मागणी नोंदवताना, ३० टक्के अर्धी साडी विणून झाल्यावर आणि ३० टक्के साडी हाती आल्यावर. वरच्या १३,८०० रुपयांच्या साडीत पहिल्या हप्त्याचे ५,५२० रुपये होतात. सगळे रेशीम, जर आणि तयारी मिळून ४,४०० रुपयांचा खर्च त्यात भागतो आणि दीड दिवसाची मजुरीही हाती राहते. ४० टक्के म्हणण्याचे कारण हेच. भारी साडीला मजुरी मोठी आणि काळ लांब, म्हणून तिथे हप्ते महिन्याचे ठेवा. ज्या दिवसांत विणकर तुमच्यासाठी बसतो, त्या दिवसांत त्याचे घर चालले पाहिजे.

पैसे विणकराच्या खात्यात द्या, पावती घ्या आणि तारीख आठ-दहा दिवस पुढे गेली तर समजून घ्या. आजारपण, घरचे कार्य, रेशीम उशिरा येणे या गोष्टी मागावर होतात. महिनाभर काहीच कळवले नाही, तर मात्र कागद दाखवून जाब विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

दुसरा मार्ग: एका मागाचा भांडवलदार (दीड ते अडीच लाख)

एखादा चांगला विणकर दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर बसतो, कारण स्वतःचा माग आणि पहिल्या काही साड्यांचा माल घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नसतात. त्याला उभे करायला किती लागेल?

माग, जॅकार्ड आणि इतर साहित्य मिळून ७५,००० रुपये धरू. १० दिवसांची साडी धरली, तर सण, ताणा बदलण्याचे दिवस आणि दुखणीखुपणी वजा जाता वर्षाला २४ साड्या निघतात. तयार साडी विकून पैसे यायला तीन महिने लागतात असे समजा. म्हणजे कोणत्याही वेळी सहा साड्यांचे पैसे अडकलेले असतात: ६ गुणिले १३,८००, म्हणजे ८२,८०० रुपये. मागासह एकूण गुंतवणूक १,५७,८०० रुपये.

साडी १६,५०० रुपयांना विकली, तर दर साडीमागे २,७०० आणि वर्षाला ६४,८०० रुपये उरतात. प्रदर्शनातला गाळा, प्रवास आणि सूट देऊन काढाव्या लागणाऱ्या साड्या यांचे २५,००० वजा केले की ३९,८०० रुपये राहतात. गुंतवणुकीवर सुमारे २५ टक्के. आकडा आकर्षक आहे, पण विक्रीसाठी तुम्ही केलेली धावपळ त्यात मोजलेली नाही. आणि साडी विकायला तीनऐवजी सहा महिने लागले, तर अडकलेली रक्कम १,६५,६०० होते, एकूण गुंतवणूक २,४०,६०० होते आणि परतावा साडेसोळा टक्क्यांवर येतो. म्हणून मागावर पैसे लावण्याआधी साड्या कोण घेणार याची सोय करा. ओळखीतल्या दहा घरांनी वर्षाला एकेक साडी घेण्याचे कबूल केले, तरी निम्म्याजवळचा माल आधीच विकला जातो.

नफा वाढवण्याचा मोह इथे मजुरीपाशी येतो. रोज १०० रुपये कमी दिले, की साडीमागे १,००० आणि वर्षाला २४,००० रुपये सुटतात. ते सोडवू नका. ७०० रुपये रोजाने २४ साड्यांचे २४० दिवस धरले, तर विणकराला वर्षाला १,६८,००० म्हणजे महिन्याला १४,००० रुपये मिळतात. यात चार जणांचे घर कसेबसे चालते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत, २०१९-२० मध्ये, देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांच्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश घरांचे महिन्याचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत आढळले. त्या घरातल्या मुलाने माग सोडून कंपनीत नोकरी धरली, तर त्याला दोष कसा द्यायचा? ज्या मागावर पुढची पिढी बसणार नाही, त्यातली गुंतवणूक बुडीतच म्हणायची.

कायद्याची एक बाजू नीट समजून घ्या. व्याज ठरवून वरचेवर कर्ज देणे हा सावकारीचा व्यवसाय होतो आणि त्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो. म्हणून कर्ज देण्यापेक्षा खरेदीची लेखी मागणी द्या आणि तिच्यापोटी आगाऊ रक्कम द्या. माग विकत घेऊन द्यायचा असेल, तर तो कोणाच्या नावावर राहील, किती साड्यांनंतर विणकराचा होईल आणि दरम्यान त्याला दुसऱ्याचे काम घेता येईल का, हे करारात लिहा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेच असले पाहिजे. नाहीतर जुन्या उचलीची जागा तुमच्या उचलीने घेतली, एवढेच होईल.

तिसरा मार्ग: पाच मागांचा उद्योग (नऊ लाखांच्या घरात)

पाच माग ३,७५,००० रुपयांचे. तीन महिन्यांत विक्री धरून अडकणारी रक्कम ८२,८०० गुणिले ५, म्हणजे ४,१४,००० रुपये. शेडची अनामत, नमुने, छायाचित्रे, पहिल्या प्रदर्शनांचा खर्च आणि हाताशी राखीव मिळून १,००,०००. एकूण ८,८९,००० रुपये.

यासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. या योजनेत उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख रुपये ठेवलेली आहे. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० आणि विशेष गटाला ५ टक्के. ग्रामीण भागातल्या एखाद्या ताईंनी वरचा ८,८९,००० रुपयांचा प्रकल्प मांडला, तर स्वतःचे ४४,४५० रुपये आणि अनुदान ३,११,१५० रुपये होते. हे अनुदान लगेच हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. योजनेचा मंजूर कालावधी २०२५-२६ पर्यंतचा होता, म्हणून सध्याचे नियम आणि आपला प्रकल्प त्यात बसतो का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या.

पाच माग टाकणाऱ्याला रेशमापेक्षा माणसे मिळवणे अवघड जाते. कसबी विणकर आधीच कुठे ना कुठे बांधलेले असतात. नवा माणूस शिकायला काही महिने घेतो आणि त्या काळात त्याची साडी विकण्याजोगी निघत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोनच माग चालवा, तिसऱ्यावर शिकाऊ बसवा आणि त्याला शिकतानाही रोज द्या. तो खर्च राखीव रकमेत धरा.

विणकर स्वतः एकत्र येत असतील, तर उत्पादक कंपनी हा चांगला रस्ता आहे. त्यासाठी किमान १० उत्पादक सदस्य लागतात आणि सदस्यत्व प्रत्यक्ष उत्पादकांनाच मिळते. बाहेरच्या माणसाला त्यात भागधारक होता येत नाही, पण आगाऊ मागणी देणारा मोठा खरेदीदार जरूर होता येते.

विणकराला मिळू शकणारी मदत

तुमच्या पैशाला सरकारी मदतीची जोड मिळाली, तर तोच पैसा दुप्पट काम करतो. तुम्ही शिकलेले असाल, तर विणकराच्या घरी बसून हे अर्ज भरून देणे हीसुद्धा गुंतवणूकच आहे.

- विणकर मुद्रा कर्ज: राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रमात विणकराला ६ टक्के व्याजाने कर्ज आणि कर्जाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २५,००० रुपये, मार्जिन मनी अशी तरतूद झाली.
- माग आणि साहित्य: हथकरघा संवर्धन सहाय्य योजनेत किमतीचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलते आणि १० टक्के विणकर भरतो. वर धरलेला ७५,००० रुपयांचा माग पूर्ण मंजूर झाला, तर विणकराच्या वाट्याला ७,५०० रुपयेच येतात.
- धागा: राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळामार्फत देशी रेशमासह काही धाग्यांवर १५ टक्के सवलत देण्याची तरतूद आहे.
- उद्यम नोंदणी: विनामूल्य. यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी विणकर म्हणून ओळखपत्र लागते. ते नसेल तर पहिले काम तेच. मुंबई आणि नागपूर इथल्या विणकर सेवा केंद्रांत अर्जांची आणि प्रशिक्षणाची माहिती मिळते.

खरी पैठणी, खरा व्यवहार

घेताना साडी उलटी करा. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे धागे लोंबत असतील, कापलेले असतील किंवा एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत आडवे धावत असतील, तर ती या पद्धतीने विणलेली नाही. यंत्रमागाची साडी घेण्यात काहीच गैर नाही, फक्त ती त्या नावाने आणि त्या भावाने मिळायला हवी.

शिक्क्यांचा अर्थ वेगवेगळा आहे. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, पण साडी हातमागाची आहे किंवा जर चांदीची आहे, असे सांगत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. भौगोलिक मानांकन पैठणीची जागा आणि पद्धत यांच्याशी संबंधित आहे, म्हणून "नोंदणीकृत वापरकर्ता आहात का?" असे विक्रेत्याला विचारा. चांदीच्या जरीची साडी फार महाग पडते. तिची शुद्धता आणि वजन बिलावर लिहून घेतल्याशिवाय ते पैसे देऊ नका. रेशमाची शंका असेल, तर पदराच्या टोकाचा सुटा धागा जाळून पाहा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते.

बिलावर "हातमाग", "शुद्ध रेशीम" आणि जरीचा प्रकार असे शब्द हवेत. फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

गुंतवणुकीच्या नावाने येणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा. "हस्तकलेत एक लाख गुंतवा, दरमहा ठरावीक परतावा मिळवा" असे सांगणारा माणूस तुमच्याकडून ठेव घेतो आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. मागावर साडी विणायला वेळ लागतो आणि ती विकायलाही लागतो, हे आपण पाहिलेच. तिथून दरमहा हमखास पैसे येणे शक्य नाही. माग दिसत नाही, विणकर भेटत नाही आणि साडी हातात येत नाही, तिथे पैसे देऊ नका. येवल्याला जाऊन माग बघणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. विणकर मंडळी आनंदाने दाखवतात.

इतर कलांना हेच गणित

प्रत्येक कलेत पैसा कुठे थांबतो हे वेगळे असते. कोल्हापुरी चपलेत तो वनस्पतींच्या साली आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यात अडकतो. चप्पल शिवायला बसण्याआधीच ते कातडे विकत घ्यावे लागते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी मानांकन मिळाले आहे. मिरजेच्या तंबोऱ्यात पैसा वाळत ठेवलेल्या भोपळ्यात आणि लाकडात असतो. मागणी आज दिली, तरी चांगला भोपळा आधीपासून साठवलेला असावा लागतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळाले, पण संगीत शिकणाऱ्या घरांनी आगाऊ मागणी दिली तरच कारागिराला भोपळ्यांचा साठा परवडेल. सावंतवाडीच्या गंजिफात हाताने रंगवलेल्या एकेका पानाला वेळ लागतो. तिथेही प्रश्न तोच: किती दिवस?

कारागिरांपैकी चर्मकार, कुंभार, पारंपरिक खेळणी बनवणारे यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. १८ व्यवसायांच्या तिच्या यादीत विणकर नाहीत. साहित्यासाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाख रुपये कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. गावातल्या सामायिक सेवा केंद्रात विनामूल्य नोंदणी होते.

कधी सुरुवात करावी?

लग्नसराईत सगळेच येवल्याला जातात. पाऊस लागला की गिऱ्हाईक कमी होते आणि विणकराला उचल घ्यावी लागते ती याच दिवसांत. म्हणून मागणी नोंदवायची योग्य वेळ आषाढ-श्रावण. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तासाठी साडी हवी असेल, तर ६० दिवसांच्या पैठणीलाही तेव्हा पुरेसा अवधी असतो. तुम्हाला घाई नसते, त्यामुळे ताणा पाहून रंग निवडता येतो. ७ ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिनही याच काळात येतो. १९०५ मध्ये त्याच तारखेला सुरू झालेल्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी हातमागाच्या साडीतले छायाचित्र जरूर काढा, पण त्याच दिवशी एखाद्या विणकराच्या खात्यात साडेपाच हजारांचा बयाणाही जमा करा. त्या महिन्यात त्याला उचल घ्यावी लागणार नाही आणि पुढच्या साडीचा भाव तो स्वतः सांगू शकेल.